विहिरीतलं पाणी विहिरीत

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी मनःशांतीचा वर्ग भरतो. चहा-पोहे फुकट असतात, त्यामुळे गर्दीही बरी होते. मागच्या रविवारी शेजारच्या वहिनींनी मला जवळजवळ ओढतच नेलं. पांढरा झब्बा घातलेले एक गृहस्थ गोड आवाजात म्हणाले, "डोळे मिटा. बाहेरचे सगळे आवाज सोडून द्या. आता फक्त आतली शांतता ऐका." सगळ्यांनी शहाण्यासारखे डोळे मिटले आणि मी उठून चपला शोधायला लागले. वहिनी माझ्यामागून बाहेर आल्या. "काय गं तुझं? दहा मिनिटंसुद्धा बसवत नाही का एका जागी?" म्हटलं, नाही बसवत. आतलं ऐकायला बसलेल्या माणसाचं काय होतं ते मी आमच्याच घरात बघितलंय आणि माझी हौस तेव्हाच फिटली आहे. पण हे जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहिते.

गिरीज गावात आमची वाडी होती. केळी, नारळ, कुंपणाच्या कडेने सुपाऱ्या आणि या सगळ्याच्या मधोमध घर. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. घरात दादा, आई, मी आणि दादांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या. आत्या लग्नानंतर वर्षभरातच माहेरी परत आली ती कायमची, आणि तिच्या आवाजाने घर भरून जायचं. ती स्वयंपाकघरातून बोलली की रस्त्यावरचा माणूस थांबून विचारायचा, "मला हाक मारली काय?" गप्प असं आमचं घर कधी नव्हतंच. पहाटे कोंबडा, त्याच्या मागोमाग विहिरीवरची मोटर, मग हौदात पडणारं पाणी, पाटातून वाफ्यांकडे धावणारं पाणी. ओटीवरच्या झोपाळ्याच्या कड्या कुरकुरायच्या. रेडिओ चालू असायचा आणि तो कोणीही ऐकत नसायचं. कुंपणापलीकडे पास्कूकाकांचं घर, तिथे मुलं, कुत्री, डुकरं, आणि संध्याकाळी सगळ्यांची मिळून प्रार्थना. आई स्वतः फारशी बोलायची नाही. पण तिच्या हातांना आवाज होता. ती विळीवर बसून नारळ खवायला लागली की मला पुस्तकातून डोकं वर न काढता कळायचं, आज माशाचं बिनखोबऱ्याचं भुजणं नाही, आज खोबऱ्याचा रस्सा आहे.

सुकेळ्यांच्या दिवसांत ते सुरू झालं. राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात घातली होती आणि आई एकेक केळं उलटत होती. मी बाजूला बसून राखण कमी आणि खाणं जास्त करत होते. आई एकदम थांबली. "बाय, कुकर लावलाय का गं कोनी?"

"नाही."

"मग हे सूंऽऽ कसलं येतंय?"

मी कान देऊन ऐकलं. कावळे होते, मोटर होती, आत्या होती. सूं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत आईने सगळ्यांना विचारून झालं. आत्याने निदान केलं की रातकिडा आहे. ती केरसुणी घेऊन पलंगाखाली, कोनाड्यात, देव्हाऱ्यामागे शोधत फिरली. रातकिडा सापडेना, तेव्हा तो कानात शिरला असणार असं ठरलं. मग कोमट तेल झालं, लसणीचं तेल झालं, जीवदानी देवीला नवस बोलणं झालं. पास्कूकाकांनी त्यांच्या फादरकडून प्रार्थना करून आणली. आई सगळं निमूटपणे करून घ्यायची, आणि झालं की आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघायचो. ती थोडा वेळ ऐकत राहायची आणि मान हलवायची. आहेच.

दादा तिला मुंबईला कानाच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मीही गेले होते. डॉक्टरांनी दोन्ही कानांत बॅटरी मारून बघितलं, कसल्याशा यंत्रावर बसवलं, आणि म्हणाले, "कान छान आहेत. हा आवाज बाहेरून येत नाही, नसेतून येतो. याला औषध नाही. सवय होईल." दादांनी विचारलं, "कधी होईल सवय?" तोवर पुढचा पेशंट आत आला होता. परतीच्या वाटेवर आई मला म्हणाली, "बघ, कान छान आहेत म्हनाले," जणू काही बक्षीस मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी आम्हाला मागच्या पडवीत बोलावलं. ते वाडीवाले, त्यांचा विचार वाडीतूनच यायचा. "पाय मुरगळला तर आपन पायावर भार देतो काय? जमीन थकली तर पडीक टाकतो का नाय? हिच्या कानाला जन्मात कधी आराम मिळालाय? आजपासून घरात आवाज नाय." मला ते तेव्हा अगदी पटलं. खरं सांगायचं तर आज कोणी तसं सांगितलं तर आजही पटेल. माणसाला त्रास होतोय, त्याला शांतता द्या. यात चुकीचं काय वाटणार?

झालं. घर गप्प करायच्या कामाला आम्ही लागलो. रेडिओ कपाटात गेला. झोपाळ्याच्या कड्यांना एरंडेल घातलं. भिंतीवरचं टोले देणारं घड्याळ थांबवलं. देव्हाऱ्यातली घंटा दादांनी फडक्यात गुंडाळून ठेवली आणि आरती ओठांतल्या ओठांत सुरू झाली. कोंबडा पास्कूकाकांना दिला. पण तो कुंपणापलीकडून आणखीच जोरात आरवायला लागला, तेव्हा पास्कूकाकांनी त्याचा कायमचा बंदोबस्त करून रस्सा डब्यातून आम्हालाच पाठवला. आत्याला कुजबुजायला शिकवणं हे सगळ्यात अवघड. तिची कुजबूज विहिरीपर्यंत जायची. शेवटी ती बिचारी दिवसचे दिवस तोंडाला पदर लावून वावरायला लागली.

आणि दादांनी मोटर बंद केली. ती घराला लागूनच होती, तिच्या आवाजाने भिंत हलायची. केळीची वाडी हाताने शिंपायची म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. दादा रहाटाने पाणी काढायचे, हंडे खांद्यावरून न्यायचे, मी कळश्यांनी. लांबचे वाफे आम्ही सोडूनच दिले, तिथली पानं पिवळी पडून लोंबायला लागली. दादांच्या तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. पण त्यांच्या तोंडातून ब्र नाही. हंडा खाली ठेवतानासुद्धा ते आधी पायाची बोटं खाली द्यायचे, आवाज होऊ नये म्हणून.

आई मात्र वाळत चालली. तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. जेवायला बसली की घास हातात धरून कुठेतरी बघत राहायची. दादा खुणेने विचारायचे, कमी आहे? ती खुणेने सांगायची, थोडं कमी आहे. मग ते आणखी काहीतरी बंद करायचे. आता लिहितानाही ते डोळ्यांसमोर येतं. ते दोघं समोरासमोर बसून खाणाखुणा करताहेत, आणि एकाला दुसऱ्याचं काही म्हणता काही कळत नाहीये.

एका दुपारी मी कॉलेजातून आले तर आई घरात नाही. मागे गेले. ती विहिरीच्या कठड्यावर पोटावर ओणवी होऊन पडली होती, डोकं आत, दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले. मी किंचाळले. कितीतरी दिवसांनी आमच्या वाडीत कोणी किंचाळलं असेल. दादा धावत आले, त्यांनी तिला कंबरेला धरून ओढलं आणि दोघंही चिखलात पडले. "काय करत होतीस? काय करत होतीस तू?" दादा तिला गदागदा हलवत होते आणि रडत होते. मी त्यांना त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं. आई म्हणाली, "काय नाय हो. खडा टाकत होते." यावर कोण विश्वास ठेवणार? त्याच संध्याकाळी विहिरीवर फळ्या ठोकल्या, फक्त रहाटाची कळशी जाईल एवढीच फट ठेवली. त्यानंतर आईला कोणी एकटं सोडलं नाही. आत्या तोंडाला पदर लावून तिच्यासमोर बसायची, आत्या उठली की मी बसायचे. आम्ही तिला बघत होतो आणि तिच्यासाठी करण्यासारखं आमच्याकडे काहीही उरलं नव्हतं. बंद करायलाही काही उरलं नव्हतं.

नाताळ झाला आणि पास्कूकाकांच्या रोजीचं लग्न निघालं. रोजी माझ्याच बरोबरीची, आम्ही एका झाडाच्या चिंचा खाऊन मोठ्या झालो. आमच्याकडे ख्रिस्ती लग्न म्हणजे बाजा आलाच. नवरी घरून निघाली की बाजा पुढे, मागे सगळा गाव, तो थेट देवळाच्या पायऱ्यांपर्यंत. ख्रिस्ती लोक आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. पास्कूकाका आदल्या दिवशी स्वतः आले. दारातच उभे राहून, हातात टोपी धरून हळू आवाजात म्हणाले, "दादा, रस्ता येकच हाय, तुमच्या दारावरनं. मी बाजावाल्यांना सांगितलंय. तुमच्या कुंपनाच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत कोन वाजवनार नाय. वयनीला तरास नको." दादांनी त्यांचे दोन्ही हात धरले. आई आत ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पास्कूकाकांच्या घराकडून बाजा ऐकू आला. ट्रम्पेट, मोठा ढोल, झांजा. आई उठून ओटीवर येऊन खांबाला धरून उभी राहिली. दादा घाबरले, "आत चल, आत चल." ती हलली नाही. बाजा जवळ जवळ येत गेला, आणि आमच्या कुंपणाच्या टोकाला पोचला तेव्हा कोणीतरी गळा धरावा तसा बंद झाला. मग ती वरात आमच्या दारावरून जायला लागली. लाल कोट घातलेले बाजावाले वाद्यं काखेत धरून चालले होते. ढोलवाल्याने ढोलावर तळहात पालथा टेकवला होता, चुकून घुमू नये म्हणून. झांजा छातीशी कवटाळलेल्या. रोजी पांढरा झगा दोन्ही हातांनी वर धरून, पावलं जपून टाकत येत होती. मुलांनी तोंडावर हात ठेवले होते. साऱ्या गावाची पावलं तेवढी मातीवर वाजत होती, आणि सगळे आमच्या आईकडे इतक्या मायेने बघत होते की मला हुंदका आला. लग्नाची वरात अशी चालली होती, जसं काही कोणाला पोचवायलाच निघालेत.

आणि आई ओरडली. "वाजवा!"

कोणाला काही कळलं नाही. ती अनवाणी अंगणातून धावत रस्त्यावर गेली आणि पास्कूकाकांच्या पुढे हात जोडून उभी राहिली. "भाऊ, वाजवा हो. पाया पडते तुमच्या. तुमी सगळे गप्प झालात की तो एकटाच वाजतो. माज्या डोक्यात तो एकटाच वाजतो. वाजवा, कोनीतरी वाजवा!"

पास्कूकाका दादांकडे बघायला लागले, दादा माझ्याकडे. रस्त्यावर कोणी हलेना. मग नवरीच पुढे झाली. आमची रोजी, झगा एका हातात गोळा करून, बाजावाल्यांवर अशी कडाडली की बस, "ऐकू नाय आलं? काकी काय सांगते? वाजवा, चांगला जोरात वाजवा!" ढोलवाल्याने ढोलावरचा हात उचलला.

आई त्या ढोलाच्या अगदी शेजारून चालत गेली, घरातल्या विटक्या साडीत, थेट देवळाच्या दारापर्यंत. मी तिच्या बाजूला होते. मी तिचा चेहरा बघितला. वर्गातले ते पांढऱ्या झब्ब्याचे गृहस्थ ज्याला शांती म्हणतात ती जर असेल, तर ती मी तेव्हा बघितली, कान फुटतील अशा ढोलाच्या शेजारी. तिचे डोळे अर्धवट मिटले होते आणि ती ओठांत हसत होती. तेवढा रस्ता संपेपर्यंत तिला तो आवाज ऐकू आला नाही.

घरी आलो तेव्हा दादा ओटीच्या पायरीवर बसले होते. "मंग बोलली का नाय?" त्यांनी विचारलं. रागाने नव्हे.

"आधी मलाबी वाटलं, आराम पडंल. मंग तुमी मोटर बंद केली. तुमचे हात बघितले." आई त्यांच्या शेजारी बसली. "एवढं करत होता तुमी. कसं बोलायचं?"

"आनि विहीर?"

"खडा टाकला की डुबुक वाजतं. तेवढं ऐकत होते."

दादा उठले, मोटरच्या खोलीत गेले आणि भर दुपारी त्यांनी बटण दाबलं. हौदात पाणी कोसळायला लागलं. आईने मोटरच्या भिंतीला लागून गोणपाट अंथरलं आणि त्यावर आडवी झाली ती दिवस मावळेपर्यंत उठली नाही. आत्याने तोंडावरचा पदर काढला आणि साठवून ठेवलेलं सगळं एकदम बोलायला लागली, आणि आई त्या कलकलाटात घोरत होती.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तो आवाज गेला नाही, तो कधीच गेला नाही. मोटर त्याला झाकायची, एवढंच. मोटर थांबली की तो तिथेच असायचा, वाट बघत. पुढच्या वर्षांत आईने पुष्कळ केलं. जप केला. कोणी सांगितलं म्हणून एका आश्रमातही जाऊन आली. तिथे म्हणे मन रिकामं करायला शिकवतात. परत आल्यावर मला म्हणाली, "रिकामं केलं बाई. तर तोच उरला." आणि हसली. ती कडवट नव्हती, हे मला अजून उलगडत नाही. मी असते तर भांडी फेकली असती.

माझं लग्न झालं, आत्या गेली, आमच्या चारी बाजूंना इमारती उठल्या. विहिरीचं पाणी मचूळ होत गेलं आणि मग इतकं खारट झालं की केळीच्या मुळाशी घालायची सोय राहिली नाही. बाकीच्यांनी मोटरी काढून विकल्या. दादांनी नाही विकली. त्यांनी पाइपाचं तोंड हौदातून काढलं आणि पुन्हा विहिरीतच सोडलं. विहिरीतलं पाणी वर यायचं आणि विहिरीतच पडायचं. समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत उभे राहून हसायचे, म्हातारा चळलाय म्हणायचे. विजेचं बिल येतं म्हणून मीही एकदा कुरकुरले, तर दादा म्हणाले, "तुज्या आयला झोप लागते," आणि विषय संपला. आईची खाट त्या भिंतीला लागूनच होती.

मग ते लोडशेडिंगचे दिवस आले. दुपारची जी वीज जायची ती तासन्‌तास येत नसे. आई तेव्हा आजारी होती, खाटेवरून उठत नव्हती. मी माहेरी गेले होते. जेवणं झाली आणि मोटर थांबली. विहिरीत शेवटचं पाणी पडलं आणि घर असं गप्प झालं की मलाच माझे कान जाणवायला लागले. आईचा हात चादरीवर आवळला गेला. दादा उठले. त्यांनी न्हाणीघरातून तांब्याचं घंगाळ आणलं, पाण्याने भरलेलं, दोनदा टेकत टेकत. खाटेशी खाली बसले, तांब्या भरला आणि उंचावरून घंगाळात ओतायला लागले. भरायचा, ओतायचा. भरायचा, ओतायचा. मधे खंड म्हणून त्यांनी पडू दिला नाही. मला कळलं की हे रोजचं आहे.

मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला, भिंतीकडे, आईजवळ बसले. आईने कूस बदलली आणि तोंड माझ्याकडे केलं. थोड्या वेळाने तिचा श्वास संथ झाला, मोठा झाला, झोपलेल्या माणसाचा होतो तसा. मी हात पुढे करून हळूच म्हटलं, "दादा, झोपली ती. ठेवा आता, नाहीतर माझ्याकडे द्या." त्यांनी मान हलवली. "थांबलो की उठंल," ते म्हणाले, आणि तांब्या पुन्हा भरला.

मी आईकडे बघितलं. तिचे डोळे टक्क उघडे होते. दादांना तिची पाठ दिसत होती, मला तिचं तोंड. ती तसाच मोठा श्वास घेत होती, दादांना ऐकू जाईल असा. तिने मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

मी गप्प बसले. दादा पाणी ओतत राहिले. वीज यायला अजून पुष्कळ वेळ होता.